दादाने भरलेली हवा

“हवा दादाच भरेल,” हेल्मेट काखेत धरून धाकटी म्हणाली. “नाहीतर मी गाडीत बसत नाही.”

शर्यतीला वीस मिनिटं उरली होती. टायरचा इंजिनिअर हवा मोजायचं गेज हातात धरून संघाच्या मालकांकडे बघत राहिला. दादाच्या तोंडचं तर पाणीच पळालं.

दोन वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर बहिणीच्या गाडीची हवा त्यानेच ठरवली होती. तिसऱ्या वळणावर मागचा टायर रिमवरून निसटला, गाडी कठड्यावर आदळली आणि धाकटी पाच महिने अंथरुणाला खिळली. ‘हवा कमी होती,’ असं अहवालात आलं. दादाला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण त्यानंतर तो फक्त चाकांचे नट आवळायचा. स्वतःच्या स्कूटरची हवासुद्धा पंपावरच्या माणसाकडून दोनदा तपासून घ्यायचा.

“अगं, माझ्याच्याने नाही होणार.”

“तुझ्याच्यानेच होईल.”

मालकांनी मान हलवली. दादा गुडघ्यांवर बसला. त्याने रस्त्याला तळवा टेकवला. नुसता तवा झाला होता. टायर तापले की आतली हवा फुगणार, चाक टम्म झालं की पकड सुटणार. म्हणजे सुरुवात कमीने करायची. पण किती कमी? फार कमी झाली तर वळणावर टायर दुमडणार. शेवटी त्याने पुढे सत्तावीस, मागे पंचवीस ठेवली, तीन-तीनदा मोजली आणि व्हॉल्व्हच्या टोप्या घट्ट बसवल्या.

पहिल्या फेरीला तिसरं वळण आलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या फेरीलाही. सहाव्या फेरीला धीर करून उघडे ठेवले. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी वळली आणि सुसाट निघून गेली. बारा फेऱ्या झाल्या, धाकटी चौथी आली, आणि दादाचा जीव भांड्यात पडला.

ती किंचित लंगडत थेट त्याच्यापाशी आली. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

“दादा, त्या दिवशीही तुझी हवा बरोबर होती.”

“उगाच समजूत घालू नकोस.”

“तू असंच म्हणणार, म्हणून आधी तुझ्या हवेवर गाडी चालवून दाखवली. त्या दिवशी तू पाणी आणायला गेलास ना, तेव्हा पकड वाढेल म्हणून मागच्या चाकांतली हवा मीच काढली होती. चार पॉइंट. सांगायचं धाडस झालं नाही रे.”

दादा मटकन टायरच्या ढिगावर बसला. दोन वर्षं! एक थोबाडीत ठेवून द्यावी असं वाटलं, आणि त्याच वेळी हसूही फुटलं. मग डोळे पुसत, कितीतरी दिवसांनी आवाज चढवून तो म्हणाला,

“पुढच्या शर्यतीला माझ्या हवेला हात लावलास, तर बघ!”