दारातल्या चपला

"अहो काकू, चपला घालूनच आत जा. हे देऊळ नाही!" वृषाली सकाळपासून ओरडून ओरडून कातावली होती.

आर्ट गॅलरीतल्या अंधाऱ्या खोलीत तिने चारही भिंतींवर व्हिडिओ लावले होते. एका पॉपगायकाची गाणी आणि त्याच्यापायी रडणारे, किंचाळणारे चाहते. लोकांनी या खुळाला हसावं, एवढीच तिची अपेक्षा. पण बघायला लोटले ते त्याचे चाहतेच, आणि दारात चपलांचा ढीग पडला.

"अगं, आत तो गातोय ना!" म्हणत काकू अनवाणीच आत शिरल्या.

वृषालीने कपाळावर हात मारला. तेवढ्यात गाणं बंद पडलं. ती धावत आत गेली, निसटलेली वायर खोचली आणि चडफडतच बाहेर आली.

पायांना गार फरशी लागली. ढिगात सगळ्यात वर तिच्याच चपला होत्या.