देवराईतल्या दोन चड्ड्या

देवराईत पायताण घालायचं नाही, वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही, आणि बायजाक्काच्या धाकट्या सुनेनं तिथं नवऱ्याच्या दोन कोऱ्या सुती चड्ड्या पुरल्या! करणी केली म्हणून गावभर बोभाटा झाला. बायजाक्कानं तिला दोन महिने शिव्या घातल्या.

सून कॉलेजात शेतीशास्त्र शिकवायची. "आत्याबाई, मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव सुती कापड खातात. कापड संपलं तर माती जिवंत."

तरी बायजाक्कानं ते खड्डे कुणाला उकरू दिले नाहीत. देवराईची राखण तिच्या घराण्याकडे होती. तीन उन्हाळे आभाळ आग ओकत होतं. गळलेली पानं कुजेनात, पायाखाली पापडासारखी वाजत. माती मेली की काय, हे भय तिनं कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं.

आज सुनेनं पहिला खड्डा कडेला उकरला. तिथली झाडं वाळल्यानं ऊन थेट जमिनीवर पडायचं. चड्डी जशीच्या तशी निघाली. बायजाक्कानं खड्ड्यातली कोरडी माती चिमटीत घेऊन चुरडून पाहिली.

दुसरा खड्डा आत, जांभळीच्या गर्द सावलीत होता. सुनेच्या हाती नुसतं इलॅस्टिक आलं, पांढऱ्या बुरशीनं माखलेलं.

बायजाक्कानं ते हिसकावून घेतलं, ताणून पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

"रीतभात न्हाई तुला, पर मातीची नाडी बरोबर धरलीस गं! आता त्या भाजल्या कडेला झाडं लावायची. खड्डे तू खणायचेस, पाणी मी घालीन."