उतरायला जागा

बदनापूर मागं पडलं आणि विमानाचं इंजिन दोनदा ठसकलं. मग गप्पच झालं.

चार सीटांचं हे विमान अप्पारावानंच एका व्यापारी दोस्ताकडून मागून आणलं होतं. त्र्याहत्तरचा मे महिना. दुष्काळी कामांच्या तपासणीवर सरकारी इंजिनिअर खांबेटेसाहेब निघालेले, आणि अप्पाराव त्या कामांचा कंत्राटदार. "मोटारीनं धूळ कशाला खाता साहेब? आरामात वरून बघा," असं म्हणून त्यानं आज सकाळी साहेबांना नांदेडला विमानात चढवलं होतं.

साहेब भलतेच कडक. कंत्राटदाराचा चहासुद्धा चालायचा नाही, पाणी घरून आणलेलं. निघतानाच त्यांनी पायलट बर्वेंना बजावलं होतं, "उगाच खाली जाऊन घिरट्या घालू नका. सरळ औरंगाबाद."

"घाबरू नका," बर्वे म्हणाले. "तरंगत खाली नेतो. उतरायला जागा तेवढी पाहिजे." त्यांनी मांडीवर साहेबांच्या कचेरीतला नकाशा उलगडला. "हा बघा, समोरच्या टेकडीपल्याड नवा रस्ता. नाकासमोर सरळ. तिथंच टेकवतो."

"रस्त्यावर नको!" अप्पाराव ओरडला.

"का?"

"गुरंढोरं असत्यात हो. शेतात उतरवा की."

"नांगरलेल्या रानात? चाक रुतलं की विमान पालथं. तिघंही जाऊ."

अप्पारावानं हळूच मागं बघितलं. बोललं तर तुरुंग, न बोललं तर मसणवटा. मागं साहेब बसलेले, त्यांच्यासमोर तोंड उघडायचं कसं? टेकडी जवळ येत होती. घरी धाकटी लेक बेबीनंदा वाट बघत असेल, हे मनात आलं आणि मेल्याचा सगळा धीर सुटला.

"थांबा! तिथं रस्ता न्हाई. मी केलाच न्हाई. सगळा खाल्ला मी! खडी फोडायला बाया आल्त्या, काम संपलं म्हणून हाकलून लावल्या."

साहेब कडाडले.

"लोक झाडपाला शिजवून खात होते अप्पाराव, आणि तुम्ही रस्ता खाल्लात? शरम कशी वाटली नाही? जिवंत उतरू द्या, माझ्या हातानं बेड्या घालतो तुम्हाला!"

अप्पाराव हमसून रडायला लागला. रडता रडता त्याला बरंही वाटलं. चला, सरकारात एक तरी खरा माणूस निघाला. "घाला साहेब, बिलकुल घाला," तो म्हणाला. "पण जमिनीवर गेल्यावर घाला."

"भांडण नंतर," बर्वे म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. "डावीकडच्या टेकाडामागं पाझर तलाव दाखवलाय. या दिवसांत कोरडाठाक, तळ सपाट असणार. एकदा तिकडं वळलो की माघारी यायला उंची उरणार नाही. शेजारी सही तुमची आहे. तो तलाव तुम्ही स्वतः बघून पास केलाय ना साहेब? वळवू?"

अप्पारावानं मान वळवून पाहिलं. साहेब दोन्ही हातांनी समोरची सीट धरून बसले होते. तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता.

"बर्वे," ते म्हणाले, "तिथं तलाव नाही."