एक तरी गुण सांगा

“हा घेऊ नका,” वकील म्हणाला, आणि आजचं तिसरं गिऱ्हाईकही कन्सोल खाली ठेवून निघून गेलं.

वकील म्हणजे काही कोर्टातला नव्हे. गेमच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा साधा विक्रेता. पण कॉम्प्युटरची बाजू अशी तावातावाने लढवायचा की सगळे त्याला वकीलच म्हणायचे. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं ते तयार मशीन, हा मोठ्या माणसांचा खुळखुळा, हे त्याचं ठाम मत. त्यावर अंगठ्याने नेम धरायचा म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवायचा. बरं, नेम चुकलाच तर मशीन हळूच सावरून घेतं, मग खेळलं कोण, तुम्ही की ते? चित्र अडखळत हललं तरी लोक खूश. ऑनलाइन खेळायचं तर त्याचे वेगळे पैसे. हे सगळं तो कन्सोल घ्यायला आलेल्या माणसालाच सांगायचा, तेही खोका हातात धरून, अगदी मनापासून. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही, हीच तर पंचाईत.

मालकाने हात टेकले होते. सकाळी आल्या आल्या त्याने सांगून टाकलं, सहापर्यंत तुझ्या हातून एक तरी कन्सोल विकला गेला पाहिजे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. आवाजसुद्धा चढवला नाही, म्हणून तर वकिलाला ते खरं वाटलं. घरी जाऊन बायकोला काय तोंड दाखवणार? उरणार तिचा एकटीचा पगार, आणि कॉम्प्युटरचं नवं महागडं ग्राफिक्स कार्ड तर त्याने गेल्याच महिन्यात घेतलं होतं.

साडेपाचला दार उघडलं आणि नेमकी बायकोच आत आली.

तू इथे कशी, असं वकिलाने डोळ्यांनीच विचारलं. तिने ओळख दाखवली नाही. पर्स काउंटरवर ठेवली आणि कन्सोल बघायचाय म्हणाली. मालक मागे खुर्चीत कागद चाळत बसला होता. तो काही त्यांच्या लग्नाला आलेला नव्हता, त्यामुळे वकिलानेही गप्प बसणंच बरं म्हटलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आज पहिल्यांदाच ती त्याला अहो-जाहो करत होती. तेवढ्यानेच त्याला घाम फुटला.

यात काय काय खोट आहे ते आधी सांगा, असं तिनेच विचारलं. आता बोला. वकिलाने घड्याळाकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं, पण जिभेला काही लगाम बसेना. हा उघडून आतलं काही बदलता येत नाही, तो म्हणाला. बरंच झालं, ती म्हणाली, म्हणजे सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर स्क्रू आणि पंखे पसरलेले नसतील. पुढे? यात सेटिंग्ज फारशा नाहीत. छान, म्हणजे गेममधल्या झाडाची सावली किती गडद ठेवायची यात अख्खी संध्याकाळ जाणार नाही. पुढे? तो एकेक दोष सांगत गेला आणि ती एकेक बोट मिटत गेली. मालकाला मधेच खोकला लागला.

मग तिने आपल्या नवऱ्याचीच कहाणी काढली. लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, आपण दोघं मिळून खेळू. त्यासाठी खास कॉम्प्युटर बांधायला घेतला. आधी कार्ड बदललं, मग ते तापतं म्हणून पंखा, मग पंखा मावेना म्हणून डबाच. एवढं झालं की बसू, हे दर वेळचं. ती बिचारी शेजारी खुर्ची ओढून बसते, स्क्रीनवर गेम लोड होण्याची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकताना बघते आणि उठून झोपायला जाते. सांगताना तिचा सूर चेष्टेचाच होता, पण शेवटचं वाक्य काही चेष्टेचं नव्हतं. वकिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण स्वतः शेवटचा गेम कधी खेळलो, हेच त्याला आठवेना.

“दोष पुरे झाले,” ती म्हणाली. “आता एक तरी गुण सांगा. खरा वाटला तर घेते.”

 सहाला पाच मिनिटं होती. एरवी गुण म्हणून काहीही ठोकून देणारे विक्रेते असतात, पण याला ते येत असतं तर ही वेळच आली नसती. त्याने खोका उलटा केला, सुलटा केला, वरची बारीक अक्षरं वाचल्यासारखं केलं. आजवर ज्याची टिंगल केली ते मशीन डोळ्यांपुढे आणलं आणि मग तिच्याकडे न बघताच बोलला.

“बटण दाबलं की लगेच सुरू होतो. सोफ्यावर शेजारी शेजारी बसून दोघांना खेळता येतं. आजसुद्धा.”

तिने त्याच्या हातातून खोका घेतला, काखोटीला मारला आणि सरळ दाराबाहेर पडली.

वकिलाने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तो अर्धा सुटतो न सुटतो तोच त्याच्या लक्षात आलं की तिने एक छदामही दिलेला नाही. आता नोकरीही जाणार आणि वर चोराचा नवरा म्हणून नाव होणार. तो मालकासमोर जाऊन उभा राहिला आणि घडाघडा सगळं ओकला. ती माझी बायको आहे, तिला काही बोलू नका, पैसे माझ्या पगारातून कापा, हवं तर उद्यापासून येत नाही.

मालकाने कागद बाजूला ठेवले. इतका वेळ दाबून धरलेलं हसू आता त्याला आवरेना.

“पैसे वहिनींनी परवाच भरलेत,” तो डोळे पुसत म्हणाला. “आणि सकाळी तुला जो दम दिला ना, तोही त्यांनीच मला लिहून दिला होता.”