होडीतली बाकं

दार पुरतं न उघडताच म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाची गं तू?"

"कॉलेजातून आलेय, आजोबा. प्रबंधाचं काम आहे," ती म्हणाली. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

तो तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग बाजूला झाला.

दारू प्यायलेल्या नावाड्याने भरली होडी उलटवली, असं चार पुस्तकांत छापलेलं होतं. तिच्या मार्गदर्शक सरांनी ती चारही पुस्तकं बाजूला सारली होती. हे चार पुरावे नव्हेत, एकच आहे, सगळ्यांनी एकाच बातमीवरून उतरवलंय, असं त्यांचं म्हणणं. "बातमी कुणी दिली ते शोध," ते म्हणाले होते. "आणि तू पडलीस नावाड्याची नात. तुझ्यावर दुप्पट शंका घेतील. पुरावा चोख हवा."

बातमी दिली होती वाचलेल्या एकुलत्या एका प्रवाशाने. तोच हा. नदीपासून इतक्या दूरच्या शहरात त्याला शोधून काढताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. नावाड्याचा तर देहही सापडला नव्हता. घरी आजी मात्र 'दारुड्याची बायको' हे शब्द अजून ऐकून घेत होती.

खोलीत एक खाट, एक खुर्ची. खुर्ची तिला देऊन तो खाटेवर टेकला. चहा घेणार का म्हणाला, आणि दूध नाही हेही लगेच म्हणाला.

"नावाडी प्यायला होता, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे काय? चांगला तर्र होता. बाटली पायाशीच होती त्याच्या."

इथेच तो सापडणार होता. तिने पिशवीतून त्या होडीचा जुना फोटो काढून त्याच्यापुढे धरला. सगळी बाकं पुढे तोंड करून; नावाडी पार मागे, सुकाणूपाशी. बसल्या जागेवरून प्रवाशाला तो दिसणंच शक्य नव्हतं. ऐकीव गोष्ट याने डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगितली, आणि त्यापायी आजीच्या आयुष्याची माती झाली.

म्हाताऱ्याने फोटो हातात घेतला. त्याचा अंगठा बाकांवरून सरकत मागच्या टोकाशी येऊन थांबला.

"आजोबा, बाटली दिसायला तुम्हाला मागे वळावं लागलं असेल ना?" आवाज जमेल तितका साधा ठेवत तिने विचारलं.

त्याने फोटो तिच्या हातात परत ठेवला.

"नाही गं," तो म्हणाला. "मागे कुणीच वळलं नाही. बुडेपर्यंत मला सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या."