क्वेताचा बूट

"पाणी चढलंय आज!" आमचे प्रशिक्षक बेलोकाका काठावरून ओरडले. "कोलांट्या उजवीकडूनच मारा. डावीकडे गेलात तर खळगा धरून ठेवेल, सोडायचा नाही. क्वेता, तुला सांगतोय."

क्वेताने ऐकलं, पण मान हलवली नाही. राष्ट्रीय संघात गेल्यापासून तिची मान जरा ताठच झाली होती. खडकाखाली पाणी उलटं फिरतं, त्या खळग्यात एकेकट्याने होडीसकट कोलांट्या मारायच्या होत्या; रांगेत तिची होडी दुसरी होती. पहिली दोरोताची.

बर्फ वितळल्यापासून हे रोजचंच होतं. क्वेता रांगेत कुठेही येवो, दोरोता तिच्या बरोबर पुढे होडी घुसवायची. "लोकांना शेपूट मागे असतं," क्वेता म्हणायची, "मला मेलं पुढे फुटलंय!" सगळे हसायचे. दोरोताही हसायची. आमच्याकडे ज्याची पाळी संपते, त्याने काठावर चढून पुढच्यासाठी बचावाची दोरी धरायची असते. हा नियम इतका रोजचा, की त्या हसण्यात तो कुणाला आठवायचा नाही.

दुसरा नियम मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे. होडीतून निसटून पाण्यात पडलात, की ज्याने तुम्हाला बाहेर ओढलं त्याच्या बुटातून बिअर प्यायची. तो बूट रबरी, सकाळपासून पायात भिजलेला. ती प्यायली की तुम्ही आमचे. गेल्या वर्षी दोरोता पडली आणि तिला क्वेताने ओढून काढलं. बिअरचा डबा उघडला, टाळ्या सुरू झाल्या, दोरोताने कुडकुडत हात पुढे केला. क्वेताने बूट काढलाच नाही. "अरे, टपरीवरची पोर ती! पर्यटकांना चहा देता देता वल्हं मारायला शिकली. तिला कसली बिअर? चहा द्या. साखर दोन चमचे, लहान मुलांना देतात तसा." सगळे पोट धरून हसले. आणि दोरोता तो चहा प्यायली. सकाळी तिनेच उकळलेला होता.

बेलोकाकांनी शिट्टी वाजवली. दोरोता खळग्यात शिरली. पंचेचाळीस सेकंदांत तिने तीन कोलांट्या मारल्या, तिन्ही उजवीकडून, आणि बाहेर पडली. होडी खांद्यावर घेऊन ती काठाने वर आली, दोरीची पिशवी उचलली.

"बेलोकाकांचं ऐक गं," ती क्वेताला म्हणाली. "डावीकडची आज तुला झेपायची नाही."

"तू दोरी धर," क्वेता म्हणाली. "आणि बघून शीक काहीतरी."

शिट्टी वाजली. क्वेताची पहिली कोलांटी सुरेख झाली, दुसरी त्याहून सुरेख. तिसरी तिने डावीकडून घेतली.

होडी उलटली, वर आली, पुन्हा उलटली. मग लाल होडी एकटीच खळग्याबाहेर पडली आणि रिकामी वाहत गेली. क्वेताचं हेल्मेट दिसलं, बुडलं. पुन्हा दिसलं, पुन्हा बुडलं. खोटं कशाला सांगू, दोरोताला आनंद झाला. तिने तिसऱ्यांदा हेल्मेट वर यायची वाट पाहिली, कारण बुडालेल्या माणसावर दोरी फेकून उपयोग नसतो. तिला तेवढंच कारण होतं की आणखी काही, ते तिलाच ठाऊक.

पलीकडच्या काठावर बेलोकाकांनीही आपली पिशवी उचलली. दोरोताने ते पाहिलं. त्यांच्या दोरीने क्वेता बाहेर आली, तर बूट त्यांचा, आणि सगळा वसंत वाया.

"फेकू नका!" ती किंचाळली. "ती माझी आहे!"

हेल्मेट वर येताच तिने फेकलेली दोरी सरळ क्वेताच्या खांद्यावर पडली, क्वेताने ती धरली. दोरोताने टाचा रोवल्या आणि ओढलं. पोटच्या पोरीलाही कुणी इतकं जीव तोडून ओढणार नाही.

क्वेता काठावर पालथी पडून खोकत राहिली. ओठ निळे पडले होते. रांगेतली मंडळी धावत आली, पूल ओलांडून बेलोकाकाही पोहोचले. कुणीतरी डबा आणला, कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. क्वेता काही भित्री नव्हे. ती उठून बसली आणि तिने हात पुढे केला.

"काढ तुझा बूट," ती म्हणाली. "होऊन जाऊ दे."

दोरोता तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने स्वतःच्या बुटाला हात लावला नाही. क्वेताचा पाय मांडीवर घेतला, बुटाचा पट्टा सोडवला आणि बूट ओढून काढला. आतलं पाणी ओतून दिलं. मग डबा त्यात रिकामा केला.

टाळ्या थांबल्या. क्वेताचा हात तसाच पुढे होता.

दोरोता उभी राहिली आणि ती बिअर स्वतः प्यायली. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. ओठाला लागलेली वाळू तिने मनगटाने पुसली.

"ही माझी," ती म्हणाली. "गेल्या वर्षीची."

रिकामा बूट तिने क्वेताच्या पुढे केलेल्या हातात ठेवला.

"हिला चहा द्या."

या वेळी कुणी हसलं नाही. सगळे बेलोकाकांकडे बघायला लागले. त्यांनी क्वेताच्या उघड्या पायाकडे पाहिलं, मग दोरोताकडे, आणि ते टपरीकडे चालू लागले. अर्ध्या वाटेत थांबले.

"साखर?" त्यांनी वळून विचारलं.

"दोन चमचे," दोरोता म्हणाली.