मराठी खिडकी

महाराष्ट्रातून इंदुरात नव्याने येणाऱ्यांसाठी महापालिकेच्या झोन ऑफिसात मराठी खिडकी हवी, म्हणून रिटायर झालेल्या मुळ्ये सरांनी दोन वर्षं अर्ज केले. शेवटी खिडकी उघडली आणि तिथे सरांनाच बसवलं. पण महिना होत आला तरी रजिस्टरात भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहायची एकदाही वेळ आली नव्हती. आज शनिवार. आजही मराठी नोंद झाली नाही तर खिडकी बंद, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. येतात सगळी मराठी माणसं आणि बोलतात हिंदी, हे काय गौडबंगाल आहे ते सरांना उमजेना. लाज वाटते की काय यांना मराठीची?

दुपारी एक बाई आली. "सर, मराठीवाली खिड़की यही है?"

"हाँ जी, बैठिए."

तिला मुलीच्या शाळेसाठी समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, काढायचा होता. सरांनी कागद तपासले, फॉर्मवर तिचं नाव लिहिलं, आर्या देवधर, आणि पुढचं सगळं नीट समजावून सांगितलं. "बहुत मदद हुई," म्हणून ती उठली. सरांनी सुस्कारा सोडून रजिस्टरात लिहिलं, हिंदी.

दारात ती फोनवर बोलत होती. "झालं गं आई काम. बोर्ड मराठीचा लावलाय, पण बसवलेत हिंदीवाले काका. चांगले आहेत बिचारे."

सर ताडकन उठले आणि खिडकीतून मान काढून त्यांनी हाक मारली, "अरे मॅडम, सुनिए तो."